माणसाचे माप आणि मापाचा दोष

१७९६ सालच्या आरंभी ग्रीनिचच्या वेधशाळेतील डेव्हिड किनेब्रुक नावाच्या एका साहाय्यकाला नोकरीस मुकावे लागले. त्याचा अपराध आठ दशांश सेकंदाचा होता. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात ताणलेल्या उभ्या धाग्यावरून एखादा तारा नेमका केव्हा सरकला, हे त्या काळी डोळा आणि कान यांच्या मेळाने ठरवीत. कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, डोळ्याने तारा पाहायचा आणि दोन ठोक्यांमधला सेकंदाचा दहावा हिस्सा मनाने अजमावायचा. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींशी ताडून पाहता, १७९५ च्या ऑगस्टात किनेब्रुक अर्ध्या सेकंदाने मागे पडू लागला होता. पुढल्या जानेवारीपर्यंत ते अंतर आठ दशांशांवर गेले. समज देऊनही सुधारणा झाली नाही. तेव्हा मॅस्केलिन यांनी वेधांच्या छापील ग्रंथात अशा आशयाचे लिहून ठेवले की, हा मनुष्य एरवी उद्योगी आणि उपयुक्त आहे, परंतु वेध घेण्याची स्वतःचीच काही अव्यवस्थित पद्धत त्याने धरली आहे, आणि ती सुटण्याची चिन्हे नाहीत. सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना या शेऱ्याची भाषा अपरिचित वाटणार नाही.

सुमारे वीस वर्षांनी ही हकीकत कोनिग्झबर्गच्या बेसेलच्या वाचनात आली. बेसेल हा त्या पिढीतला अत्यंत काटेकोर वेधकर्ता. साहाय्यकाचे चुकले हे सर्वांनी गृहीत धरले होते. बेसेलच्या मनात मात्र निराळीच शंका आली. दोघांच्या नोंदींत फरक पडला एवढेच सिद्ध झाले होते. चूक कोणाची हे कोठे सिद्ध झाले होते? त्याने इतर नामांकित ज्योतिषांशी आपले वेध ताडून पाहिले, आणि दोन निष्णात माणसांमध्येही एक सेकंदापर्यंतची तफावत सातत्याने पडते असे त्याला आढळले. निष्काळजीपणाचा आरोप यांपैकी कोणावरच करता येण्यासारखा नव्हता. या तफावतीला पुढे ‘व्यक्तिसमीकरण’ असे नाव मिळाले. किनेब्रुकला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण चूक ही गोष्ट अपराधांच्या यादीतून निघून मोजण्याजोग्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसली.

माणसाच्या स्वभावाचे माप घेण्याचा उद्योग पुढे सुरू झाला, तेव्हा त्याच्या मुळाशी ज्योतिषांची हीच विद्या होती. ती कोणत्या वाटांनी तिथवर आली, आणि येताना काय विसरली, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या आता सर्वत्र झाल्या आहेत. नोकरीच्या अर्जाबरोबर, प्रशिक्षणवर्गाच्या पहिल्या दिवशी, रुग्णालयात आणि शाळेत त्या भरून घेतल्या जातात. शेवटी एक आकडा निघतो आणि तो आकडा माणसाच्या नावापुढे लागतो. त्या आकड्याच्या पोटात किती स्वभाव असतो आणि किती योगायोग, हा प्रश्न मात्र तो आकडा लिहिणारा क्वचितच विचारतो.

स्वभाव मोजता येईल हा आत्मविश्वास मुख्यतः फ्रान्सिस गाल्टनचा. १८८४ साली त्याने ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात चारित्र्याच्या मापनावर लेख लिहिला. स्वभाव ही निश्चित आणि टिकाऊ वस्तू आहे, तेव्हा ती मोजण्याचा यत्न करणे वाजवी आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील आरोग्यप्रदर्शनात त्याने प्रयोगशाळा थाटली आणि तीन पेन्स घेऊन हजारो लोकांची उंची, दृष्टी, श्वासाची शक्ती, मुठीची पकड मोजून दिली. स्वभाव मात्र त्याला तेथे मोजता आला नाही. ‘निश्चित’ आणि ‘टिकाऊ’ ही त्याची दोन विशेषणे त्याने सहज लिहून टाकली. पुढची शंभर वर्षे त्या दोन शब्दांचा हिशोब चुकता करण्यात गेली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या हिशोबाचा पहिला मोठा कारकून म्हणजे चार्ल्स स्पिअरमन. हा गृहस्थ मुळात लष्करी अधिकारी. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत तो लढला, आणि सुमारे पंधरा वर्षे सैन्यात काढल्यावर १८९७ मध्ये राजीनामा देऊन लाइपझिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेव्हा त्याचे वय चौतिशीचे होते. सैन्यात गेलेल्या वर्षांबद्दल तो पुढे फार हळहळला. बोअर युद्धाने त्याला मध्येच पुन्हा गणवेशात खेचले. अशा माणसाने १९०४ मध्ये, पदवी मिळण्यापूर्वीच, अमेरिकन मानसशास्त्रीय नियतकालिकात जे दोन लेख छापले, त्यांतील एकाने मानसिक मापनाचा पाया घातला.

त्याचा मुद्दा असा. दोन गुणांचा परस्परसंबंध आपण मोजतो, तेव्हा दोन्ही मापांत चूक असते. ही चूक आंधळी आहे. कधी इकडे, कधी तिकडे पडते. सरासरी काढली की ती एकमेकींना खाऊन टाकते, असा आपला समज असतो, आणि सरासरीपुरता तो खराही आहे. परंतु सहसंबंध काढताना ती नाहीशी होत नाही; ती संबंधालाच पातळ करते. दुधात पाणी पडावे तसा हा प्रकार आहे. तेव्हा प्रथम प्रत्येक मापात पाणी किती आहे ते शोधा आणि मग मूळ दूध किती दाट होते ते हिशोबाने काढा, असे स्पिअरमन म्हणाला. समजा, एका मापाची विश्वसनीयता ०.६४ आहे, दुसऱ्याची ०.८१, आणि दोहोंत दिसणारा सहसंबंध ०.३६ आहे. ०.६४ चे वर्गमूळ ०.८, ०.८१ चे ०.९, त्यांचा गुणाकार ०.७२. ०.३६ ला ०.७२ ने भागले म्हणजे ०.५० येतात. खरा संबंध अर्ध्याचा होता. मापातल्या चुकांनी तो तिसऱ्या हिश्शाच्या जवळ आणून ठेवला होता.

कार्ल पिअर्सनला हे मुळीच रुचले नाही. सहसंबंधाचे गणित ज्याने घडविले, त्याला एक निवृत्त सैनिक ते दुरुस्त करायला निघालेला पाहून काय वाटले असेल ते असो. त्याचा आक्षेप मात्र निरर्थक नव्हता. स्पिअरमनच्या दुरुस्तीने कधीकधी सहसंबंध एकाहून अधिक निघे, आणि ते अशक्य आहे. चूक आंधळी असते हे गृहीत धरल्यावरच ती दुरुस्ती लागू पडते. चूक डोळस असेल, दोन्ही मापांत एकाच बाजूला ओढणारी असेल, तर सगळाच हिशोब कोसळतो. ही डोळस चूक आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९१० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’च्या एकाच खंडात स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे एकच सूत्र प्रसिद्ध केले. ब्राउन त्या वेळी पिअर्सनच्या बाजूचा; तेव्हा दोन्ही पक्षांनी एकमेकांवर टीका करता करता एकच शोध लावला, आणि आज दोघांची नावे जोडूनच ते सूत्र ओळखले जाते. ‘विश्वसनीयता-गुणांक’ ही संज्ञाही स्पिअरमनच्या त्याच लेखातली. कल्पना साधी होती. एका चाचणीचे दोन अर्धे करा, विषम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे, सम क्रमांकाचे दुसरीकडे. दोन अर्ध्यांचा सहसंबंध ०.६० आला, तर पूर्ण चाचणीची विश्वसनीयता ०.७५ समजावी, तीच चाचणी दुप्पट लांबविली तर ती ०.८६ च्या घरात जाईल. ज्योतिषी ताऱ्याचा वेध पुन्हापुन्हा घेत. येथे माणसाला पुन्हापुन्हा बोलावण्याऐवजी प्रश्नांची संख्या वाढवायची. एका बैठकीतच पुनरावृत्तीचे काम उरकण्याची ही युक्ती होती. तिच्यात जी सोय होती तीच पुढे तिची खोड ठरली.

आतापर्यंतचे हे सारे बुद्धीच्या चाचण्यांसाठी चालले होते. स्वभावाची प्रश्नावली आली ती युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मन खचलेल्या सैनिकांची संख्या पाहून अमेरिकन सेनेला, अशी माणसे भरतीच्या वेळीच वेचून काढता येतील काय, असा प्रश्न पडला. कोलंबिया विद्यापीठाच्या रॉबर्ट वुडवर्थ याने मनोरुग्णांच्या वृत्तान्तांतून लक्षणे गोळा केली आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे ११६ प्रश्न तयार केले. झोप, भीती, अकारण थकवा, असे त्यांचे विषय. सामान्य माणसांपैकीही पुष्कळांनी ज्या प्रश्नाला रोगसूचक उत्तर दिले, तो प्रश्न त्याने गाळला. पण प्रश्नावली सिद्ध होऊन सर्रास वापरात येण्यापूर्वीच १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपले. ज्या कामासाठी ती निर्माण झाली ते काम तिला कधीच करावे लागले नाही. आणि तरीही पुढील सगळ्या प्रश्नावल्यांची ती आजी ठरली. डॉक्टराने एकेकाला समोर बसवून विचारायचे प्रश्न छापील कागदावर आले, आणि कागदाला तोंड वाचता येत नाही ही अडचण कोणाला मोठी वाटली नाही.

पुढच्या दशकात या कागदांचा पूर लोटला. १९३१ मधील बर्नरॉयटरची १२५ प्रश्नांची प्रश्नावली त्यांत विशेष गाजली. एकाच उत्तरपत्रिकेतून ती चार गुण काढी: मनाची अस्थिरता, स्वावलंबन, अंतर्मुखता आणि वर्चस्वाची वृत्ती. अर्धेअर्धे करून पाहिले तर प्रत्येक गुणाची विश्वसनीयता चांगली दिसे. १९३५ मध्ये फ्लॅनगन याने अधिक खोल जाऊन हिशोब केला, तेव्हा अस्थिरता आणि अंतर्मुखता ही दोन मापे जवळजवळ एकच आहेत, आणि चारांच्या मागे वस्तुतः दोनच गोष्टी आहेत, असे निघाले. एकाच मालाला दोन नावांची चिठ्ठी चिकटविली होती. तराजू प्रत्येक वेळी तेच वजन दाखवीत होता, म्हणून त्यात शंका घ्यावी असे कोणाला वाटले नव्हते.

विश्वसनीयता आणि यथार्थता यांतील हा भेद ऐकायला सोपा आहे, पाळायला फार कठीण. तराजू सारखा आहे एवढ्यावरून तो बरोबर आहे असे ठरत नाही. दोन छटाक चोरणारा तराजूही रोज दोनच छटाक चोरतो. स्वभावाच्या प्रश्नावलीत तर चोरी करणारा तराजू नसून त्यावर बसलेला मालच असतो. १९५६ मध्ये विल्यम व्हाइट या पत्रकाराने अमेरिकन कंपन्यांतील नोकरवर्गावर लिहिलेल्या पुस्तकाला एक परिशिष्ट जोडले: व्यक्तिमत्त्व-चाचणीत लबाडी कशी करावी. शक्यतो चाकोरीतले, सर्वमान्य, मध्यम उत्तर द्यावे, असा त्याचा सारांश होता. या सल्ल्याप्रमाणे वागणारा उमेदवार पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एकाच धोरणाने उत्तरे देतो. त्याची उत्तरे एकमेकांशी सुरेख जुळतात, आणि अशा शंभर उमेदवारांच्या कागदांवरून गुणांक काढला तर तो उत्कृष्ट येतो. प्रामाणिक मनुष्य मात्र अडखळतो. एका प्रश्नाला होय म्हणतो, त्याच्या जुळ्या प्रश्नाला ‘तसे सांगता येत नाही’ असे वाटून नाही म्हणतो, आणि गुणांक खाली ओढतो. मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४० च्या दशकात तयार केलेल्या साडेपाचशे विधानांच्या प्रश्नावलीत ढोंग, निष्काळजीपणा आणि बचावाची वृत्ती ओळखण्यासाठी निराळी मापे घालावी लागली, ती याच कारणाने.

आता सूत्रांकडे थोडे वळले पाहिजे. चाचणीचे दोन अर्धे नाना प्रकारांनी करता येतात, आणि प्रत्येक प्रकाराने गुणांक निराळा येतो. १९३७ साली कूडर आणि रिचर्डसन यांनी ‘सायकोमेट्रिका’त यावर तोडगा काढला, त्यांचे सूत्र लेखातील विसाव्या क्रमांकाचे म्हणून आजही ‘विसावे सूत्र’ याच नावाने चालते. सरकारी परिपत्रकांखेरीज क्रमांकावरून अमर झालेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. १९४५ मध्ये गटमनने त्याच विचाराचे व्यापक रूप दिले, आणि असेही दाखविले की, चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर हा आकडा म्हणजे विश्वसनीयता नव्हे, तिची खालची मर्यादा आहे. १९५१ मध्ये ली क्रॉनबाख याने ‘आल्फा’ या नावाने तेच सूत्र पुन्हा मांडले: सगळ्या शक्य अर्ध्यांची सरासरी. पुढे आणखी गुणांक येतील, त्यांना पुढची अक्षरे देऊ, अशा बेताने त्याने पहिले ग्रीक अक्षर घेतले होते. जग मात्र पहिल्याच अक्षरावर थांबले. आल्फा काढणे सोपे, एका बैठकीच्या उत्तरांवरून निघणारे. ते छापले की विश्वसनीयतेचे कलम पुरे झाले, असा प्रघात पडला.

या प्रघाताची किंमत समजण्यासाठी एक छोटा हिशोब करून पाहावा. समजा, प्रश्नांचा परस्परसंबंध सरासरीने अवघा ०.१० आहे, म्हणजे दोन प्रश्न जवळजवळ अनोळखी माणसांसारखे आहेत. असे २० प्रश्न घेतले तर आल्फा ०.६९ येतो, ४० घेतले तर ०.८२, १०० घेतले तर ०.९२. लांबी वाढविली की प्रतिष्ठा वाढते. याउलट थोडक्यात काम उरकायचे असेल तर एकच प्रश्न शब्द फिरवून दहा वेळा विचारावा: मला चिंता वाटते, मी चिंताग्रस्त असतो, चिंता माझा पिच्छा सोडत नाही. आल्फा ताबडतोब आकाशाला भिडतो, आणि माप मात्र इवलेसे होत जाते. रेमंड कॅटेल अशा मापांना ‘फुगविलेले’ म्हणे. जेन लोव्हिंजर यांनी १९५४ मध्ये हाच विरोधाभास नेमका मांडला: विश्वसनीयता एका मर्यादेपलीकडे वाढविली तर यथार्थता घटू लागते.

मागे म्हटलेली डोळस चूक ती हीच. तिचे प्रसिद्ध उदाहरण १९५० मधील. आडोर्नो आणि त्याचे सहकारी यांनी हुकूमशाही वृत्ती मोजण्याची जी प्रश्नावली केली, तिच्यातील सर्व विधाने एकाच दिशेची होती. प्रत्येकाला मान डोलविणारा तो हुकूमशाही वृत्तीचा. पण कोणत्याही विधानाला मान डोलविण्याची सवय असलेली माणसे जगात थोडी नाहीत. आपल्या भाषेत त्यांना होयबा म्हणतात. होयबाची मान सगळ्या विधानांना सारखीच डोलते, त्यामुळे उत्तरे जुळतात आणि गुणांक फुगतो. पण मोजली गेली ती वृत्ती की सवय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गंमत अशी की, उत्तरे देण्याच्या असल्या सवयींचा धोका १९४६ मध्येच स्वच्छ शब्दांत सांगणारा मनुष्य क्रॉनबाख हाच होता.

एका बैठकीतले अर्धे पुरेसे नसतील तर माणसाला पुन्हा बोलावून तोच कागद द्यावा, हा दुसरा मार्ग. तो जुना आणि सरळ आहे, पण त्याच्याही वाटेत खड्डा आहे. ‘परक्या माणसांशी बोलताना तुम्हांला संकोच वाटतो काय?’ हा असल्या प्रश्नावल्यांतला नेहमीचा प्रश्न. आपल्यापैकी एखादा गृहस्थ नागपुरात असताना याला खुशाल ‘नाही’ म्हणेल. त्याची बदली शिलाँगला झाली. बाजाराची भाषा त्याला येत नाही, शेजाऱ्याचे नाव उच्चारताना जीभ अडखळते, कचेरीत जेवणाच्या सुटीत तो एकटाच खिडकीशी उभा असतो. सहा महिन्यांनी तोच कागद समोर आला तर तो ‘होय’ लिहील, आणि तेही खरेच असेल. या फरकाला काय म्हणावे? मापाची त्रुटी म्हणावी, तर मनुष्य खोटे बोललेला नाही. स्वभावाचा बदल म्हणावा, तर दिवाळीला घरी गेला की तो पूर्ववत गप्पिष्ट होतो. प्रश्न विचारणाऱ्याने ‘परकी माणसे’ म्हणजे कोणती ते सांगितले नव्हते. उत्तर देणाऱ्याने जी डोळ्यांसमोर होती ती घेतली.

बदल आणि त्रुटी यांची ही गुंतवळ अंशतः सोडविता येते. १९६९ मध्ये डेव्हिड हाइज या समाजशास्त्रज्ञाने दाखविले की, दोनऐवजी तीन वेळा माप घेतले तर दोहोंचा हिशोब वेगळा करता येतो. पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळांचा सहसंबंध प्रत्येकी ०.७२ आणि पहिल्या-तिसऱ्याचा ०.६५ असेल, तर पहिल्या दोघांच्या गुणाकाराला तिसऱ्याने भागावे; उत्तर ०.८० येते. ती झाली मापाची विश्वसनीयता. उरलेली घट माणसाच्या बदलण्याची. युक्ती अशी की, त्रुटी प्रत्येक वेळी तेवढीच राहते, आणि बदल काळाबरोबर साचत जातो. लॉवेल केली याने १९३५ ते ३८ च्या दरम्यान लग्न ठरलेल्या तीनशे जोडप्यांना प्रश्नावल्या दिल्या होत्या आणि १९५३-५४ मध्ये त्यांना पुन्हा गाठले. त्याचा १९५५ चा वृत्तान्त वाचताना गाल्टनचा ‘टिकाऊ’ हा शब्द आठवतो. माणसे ओळखू येण्याइतकी तीच होती, आणि तरी भाकीत करावे इतकी तीच नव्हती.

या सगळ्या अनुभवानंतर ‘त्रुटी’ हा शब्द एकवचनी वापरणेच चूक आहे, असे क्रॉनबाखच्या ध्यानात आले. राजरत्नम आणि ग्लेसर यांच्याबरोबर १९६३ मध्ये लिहिलेल्या लेखात, आणि १९७२ च्या ग्रंथात, ज्याच्या लेखकांत हरिंदर नंदा हेही नाव आहे, त्याने प्रश्न उलटा केला. विश्वसनीयता किती, असे विचारू नका. या आकड्यावरून तुम्हांला कोठवर अनुमान करायचे आहे ते आधी सांगा. याच प्रश्नांपुरते की अशा सर्व प्रश्नांविषयी? आजच्या दिवसापुरते की कोणत्याही दिवसाविषयी? याच परीक्षकापुरते की कोणत्याही परीक्षकाविषयी? प्रत्येक अनुमानाची त्रुटी निराळी, आणि ती निरनिराळी मोजली पाहिजे. बेसेलने वेधकर्ता वेगळा काढून दाखविला होता. येथे वेधकर्ता, दिवस आणि प्रश्न हे तिन्ही वेगळे काढले.

हिंदुस्थानात सैन्याधिकाऱ्यांच्या निवडीसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे प्रायोगिक मंडळ निघाले, त्याचीही बैठक याच जातीची होती: मानसशास्त्रज्ञ, गटाची कामे पाहणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, अशा तिघांनी उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखायचे. ती रीत एका कागदावरच्या विश्वासापेक्षा पुष्कळ शहाणपणाची. आपल्या लोकसेवा आयोगाची मुलाखतही कागदोपत्री ‘व्यक्तिमत्त्व-चाचणी’च म्हणविली जाते, पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

विश्वसनीयतेच्या आकड्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की, तो प्रश्नावलीच्या अंगी असलेला गुण आहे, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसारखा. तो असतो त्या प्रश्नावलीचा आणि ज्यांना ती दिली त्या समुदायाचा मिळून. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे बिने याची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसविली, त्याचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला; विलायती आकडे उचलून आणण्याऐवजी त्यांना या मुलांवर सगळे काम नव्याने करावे लागले, ते उगाच नव्हे. पण भाषा न बदलताही आकडा बदलतो. समजा, सर्वसाधारण लोकांत एका मापाचे प्रमाण विचलन १० आहे आणि विश्वसनीयता ०.८४. तर एका गुणामागची प्रमाणत्रुटी ४ येते. म्हणजे ज्याला ६० गुण पडले, त्याचा खरा गुण ५२ ते ६८ यांत कोठेतरी असावा, एवढेच बऱ्याच खात्रीने म्हणता येते. दोन उमेदवारांच्या गुणांतील फरकाची प्रमाणत्रुटी तर ५.७ येते, तेव्हा साठवाला निवडून पंचावन्नवाल्याला घरी पाठविणाराने आपण नाणेफेकीहून फार वेगळे काही केले, अशा भ्रमात राहू नये. आता तीच प्रश्नावली परीक्षांच्या चाळणीतून आलेल्या अधिकाऱ्यांना द्या. चाळणीमुळे ही माणसे एकमेकांसारखी झालेली; विचलन १० वरून ६ वर आले. त्रुटी मात्र ४ ची ४ राहिली. १६ ला ३६ ने भागून एकातून वजा केले की विश्वसनीयता ०.५६ उरते. कागद तोच, प्रश्न तेच, छापील पुस्तिकेत आकडा ०.८४, आणि ज्या खोलीत त्याचा निकाल लागायचा तेथे तो अर्ध्याहून थोडासाच अधिक.

क्रॉनबाख १ ऑक्टोबर २००१ रोजी वारला. शेवटच्या आजारात त्याने आल्फाच्या पन्नास वर्षांवर काही टिपणे सांगून लिहवून घेतली. रिचर्ड शॅव्हल्सन याने ती संपादित केली आणि २००४ मध्ये ती छापली गेली. हे सूत्र आपल्या नावाने चालावे याचा आपल्याला संकोच वाटतो, असे त्याने त्यांत म्हटले आहे. जुन्या, सर्वज्ञात सूत्राला दिलेले ते एक सोयीचे रूप होते, त्याने एवढी कीर्ती मिळायला नको होती. मापनसाधनाविषयी एकच गोष्ट सांगायची झाली, तर ती कोणती, हेही तेथे त्याने लिहवून ठेवले आहे. त्याने गुणांक निवडला नाही. त्याने प्रमाणत्रुटी निवडली.